मधली सीट

संघरत्नाने पाना बोल्टवर चढवला आणि अंगाचा सगळा भार टाकून शेवटचा अर्धा फेरा दिला. मधली सीट घट्ट बसली. तिने ती दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिली, वर बसून पाहिली, मग खाली उतरून चार पावलं मागे जाऊन पाहिली. दहा वर्षांची पांढरी इको व्हॅन आज बरी दिसत होती. शाम्पूने धुतलेली होती, काचा वर्तमानपत्राने पुसलेल्या होत्या, पायाखालची रबरं दगडावर आपटून वाळवलेली होती.

“लगीन लावतेस का तिचं?” ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या तिच्या आईने, भीमाबाईने, विचारलं.

“लावतेच हाय. स्थळ बघायला येतंय दहा वाजता.”

शोरूमचा माणूस गाडीची किंमत ठरवायला येणार होता. शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, किन्हवलीच्या अलीकडे आत वळलं की वेहळपाडा लागतो. तिथपर्यंत यायला तो तयार झाला, याचंच संघरत्नाला अप्रूप वाटलं होतं.

ही गाडी तिच्या वडिलांनी, काळूने, नवी घेतली होती. रस्त्यावरच्या पाच-सहा गावांतल्या बायकांना सकाळच्या पाळीला वाशिंदच्या कारखान्यात सोडायचं आणि दुपारी परत आणायचं, असं ठरलेलं काम होतं. गेल्या दिवाळीत काळू गेला. त्याच्या शेजारी बसून गाडी शिकलेली संघरत्ना चौथ्या दिवशी स्टिअरिंगवर बसली, कारण पाळी कोणाच्या मरणासाठी थांबत नव्हती. बायका खूश होत्या. बाई चालवते म्हटल्यावर घरचेही निर्धास्त होते. पण कारखान्याने नवा नियम काढला. एप्रिलपासून आठ वर्षांपेक्षा जुनी गाडी चालणार नाही. तिथले साहेब म्हणाले, “काम तुमचंच ठेवतो ताई, फक्त गाडी नवी आणा.”

बँक कर्ज द्यायला तयार होती. पण सुरुवातीचा हिस्सा स्वतःचा हवा, आणि संघरत्नाकडे स्वतःचं म्हणावं असं हे जुनं वाहनच होतं. शोरूमने त्याचे दोन लाख धरले तर नवी गाडी दारात येणार होती. नाहीतर काम जाणार होतं. यात मधली वाट नव्हती.

शोरूमचा माणूस मोटारसायकलवरून आला. त्याचं नाव रितेश, राहणार वाशिंद, वय तिच्याच आसपासचं. पाठीवर सॅक, गळ्यात ओळखपत्र. पाणी पिऊन तो लगेच कामाला लागला. त्याने सॅकमधून हातात मावेल एवढं यंत्र काढलं आणि बॉनेटला टेकवलं. छोट्या काचेवर आकडा उमटला.

“हे काय मोजतं?” संघरत्नाने विचारलं.

“रंगाचा थर. कंपनीचा मूळ रंग शंभर-सव्वाशेच्या घरात येतो. नंतर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून रंगवलं असेल तर आकडा उडी मारतो. डोळ्याला कळत नाही, याला कळतं.”

तिला ते आवडलं. ती त्याच्या मागे मागे गाडीभोवती फिरली. एकशे दहा. एकशे पंधरा. एकशे आठ. उजव्या बाजूच्या मागच्या दारावर आकडा एकदम चारशेच्या वर गेला. रितेशने भुवया उंचावल्या.

“म्हैस,” संघरत्ना म्हणाली.

“म्हैस?”

“टोकावड्याला. बाबा गाडी मागं घेत होते. गाडी म्हशीवर गेली का म्हैस गाडीवर आली, ते अजून ठरलं नाय.”

रितेश हसला. म्हशीचा धक्का त्याने ‘किरकोळ’मध्ये टाकला. मग इंजिन चालू करून त्याने कान लावला, धूर पाहिला, ऑइलची काडी काढून बोटांवर थेंब चोळला. संघरत्ना त्याचा चेहरा वाचत होती, आणि तो चेहरा चांगला होता. शेवटी तो मधल्या दारातून आत वाकला आणि टॉर्च लावून सीटखाली पाहू लागला.

“ताई, एक विचारू? खाली पत्र्याला सगळीकडे थोडा थोडा गंज आहे. वयाच्या मानाने बरोबर आहे. पण मधल्या सीटचे चारही बोल्ट चकचकीत. सीट सारखी काढता का?”

प्रश्न साधा होता. बोल्ट वर्षानुवर्षं हलला नाही तर गंज त्याला धरून ठेवतो. सारखा उघडला, पुसला, पुन्हा लावला तर तो साफ राहतो.

“भेंडीचे क्रेट नेतो कधीमधी,” संघरत्ना म्हणाली.

हे खोटं नव्हतं. हंगामात दोन-चार वेळा भेंडी नेली होती. पण ती सीट भेंडीसाठी निघत नव्हती हे तिला माहीत होतं, आणि ओट्यावर सुपातला हात थांबलेल्या भीमाबाईलाही.

रितेशने मोबाइलवर काहीतरी भरलं. “पिवळ्या पाटीची गाडी आहे, त्याने भाव थोडा पडतोच. तरी गाडी चांगली ठेवलीय तुम्ही. माझ्याकडून दोन लाख दहा.”

संघरत्ना एक पाऊल पुढे आली. “पक्कं?”

“माझ्याकडून पक्कं. आम्ही जुन्या गाड्या स्वतः ठेवत नाही, मुरबाडचे शामशेठ उचलतात. त्यांना फोटो पाठवतो, एक फोन करतो. ते हो म्हणाले की संपलं.”

तो फोटो काढत होता तेवढ्यात जयराम आला.

जयराम वरच्या पाड्यातला शेतकरी. भात निघालं की ओढ्याच्या कडेने भेंडी लावायचा. काळूचा आणि त्याचा जीव एक होता. संघरत्नाला त्याने खांद्यावर बसवून बैल दाखवले होते. आज त्याने धुतलेला सदरा घातला होता आणि हातात कागदात बांधलेली कोवळी भेंडी होती, पाहुण्यासाठी.

“गाडी बगाया कोन आलंय ते कळलं, म्हटलं दोन शब्द आपन बी टाकावं,” तो म्हणाला, आणि भेंडी रितेशच्या हातात दिली. “सायेब, भाव चांगला लावा. असली गाडी तुमाला आख्ख्या तालुक्यात मिळायची नाय.”

“लावलाय काका, चांगलाच लावलाय.”

“काका, आत बसा, आई चहा टाकेल,” संघरत्ना म्हणाली.

“चहा ऱ्हाऊ दे गो. सायबाला कळाया पायजे ना, कसली गाडी हाय ती.” जयरामने गाडीच्या टपावर बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा हात ठेवला. “माजी आई, बाईजा, शहरातल्या दवाखान्यात गेली. घरी आनायची कशी? सात जनांना फोन लावलं सायेब. कोनाची गाडी पंचर, कोनाचा डायवर जेवाया गेल्याला. आख्खी रात जेवत व्हता का तो? मयत म्हटलं का समद्यांच्या गाड्या बंद पडतात. मंग काळूला लावला. तो म्हनला, थांब, सीट काढतो आन् निगतो.”

“काका,” संघरत्ना म्हणाली.

“ह्या हितं, मधल्या जागंत निजवली तिला. खड्डा आला का काळू गाडी अशी हळू घ्यायचा, जशी काय ती जागी व्हईल.” जयरामचे डोळे भरले. “आन् एकटी माजी आई नाय सायेब. सुदामचा जावई. तळ्यावरची म्हातारी. खालच्या पाड्यातलं ते तान्हं पोर. किती जनांना घरी आनलं ह्या गाडीनं, त्याला गनती नाय. पेट्रोलच्या वर एक रुपाया घेतला नाय काळूनं. ही गाडी नाय, देऊळ हाय देऊळ!”

रितेशचा एक हात इतका वेळ मधल्या सीटच्या पाठीवर टेकलेला होता. संघरत्नाने तो हात उचलला जाताना पाहिला. रितेशने तो पँटला पुसला. हे त्याने ठरवून केलं नव्हतं. आपण काय केलं हे त्यालाही बहुतेक कळलं नाही.

“मी जरा फोन करून येतो,” तो म्हणाला, आणि अंगणाच्या टोकाला करंजाच्या झाडाखाली गेला.

जयराम ओट्यावर बसला, समाधानाने. “आता बग, वाढवून देतो का नाय.”

भीमाबाईने सूप उचललं आणि ती आत गेली.

फोन बराच वेळ चालला. रितेश परत आला तेव्हा तो संघरत्नाकडे न पाहता मोबाइलकडे पाहत होता.

“एक लाख वीस म्हणतायत.”

“दोन लाख दहा म्हणालात तुमी.”

“मी म्हणालो. शामशेठ नाही म्हणाले.”

“का? इंजिन बदललं का एवढ्यात? रंग उडाला?”

“ताई, मला पटतं तुमचं. आमच्या ॲपमध्ये मयत नेल्याचा रकानाच नाही. पण शेवटी घेणाऱ्याची हरकत नाही, असं लिहावं लागतं. ते गाडी विकणार कुठे? याच दोन तालुक्यांत. इथे गाडी बघितली की लोक ओळखतात. मयताची गाडी कोण घेणार?”

“त्यांना तुमी सांगितलंत?”

“सांगायला लागलंच नाही. नंबर वाचला तसे तेच म्हणाले, ही काळूची गाडी. त्यांच्या चुलत्याला हिनेच आणलं होतं.” रितेशने मोबाइल खिशात टाकला. “म्हणाले, काळूचे उपकार आहेत आमच्यावर. म्हणून एक वीस तरी देतोय, दुसऱ्या कोणाची असती तर उचललीच नसती.”

संघरत्नाला क्षणभर हसू आलं. जयराम उठून उभा राहिला होता. त्याचं तोंड उघडं होतं.

“मी वायट काय बोललो का, सायेब?”

“नाही काका,” रितेश म्हणाला. “तुम्ही चांगलंच बोललात.”

जाताना तो भेंडीचा पुडा ओट्यावर ठेवून गेला. विसरला की मुद्दाम ठेवला, ते कळलं नाही.

त्या संध्याकाळी भीमाबाईने भाकरी थापता थापता जुना विषय काढला. तव्याकडे पाहूनच बोलली. “तुजा आजा गावोगाव मयताचे सांगावे न्यायचा. कोन मेलं का ह्यालाच धाडायचे, दिवस बगायचे नाय का पाऊस बगायचे नाय. बुद्धाची दीक्षा घेतली तवा त्यानं ते काम टाकलं. गावानं वाळीत टाकलं तरी परत गेला नाय. आन् तुज्या बापानं गाडी घेतली ती परत त्यालाच लावली. मी भांडले त्याच्याशी.”

“काय म्हणाले बाबा?”

“म्हनले, माज्या बाला गाववाले राबवून घ्यायचे. मी माज्या मनानं नेतो. ह्यात फरक हाय.” तिने भाकरी उलटली. “वर हसले. म्हनले, मयतासारखा प्याशिंजर नाय, सीटवरनं भांडत नाय, आन् खिडकी उघडा म्हनत नाय.”

संघरत्नाला वडिलांचं ते हसणं आठवलं. मयत आणून सोडलं की काळू गाडी ओढ्यावर न्यायचा, साबणाने धुवायचा, बोल्ट पुसून सीट परत लावायचा, आणि सकाळी त्याच सीटवर कारखान्याच्या बायका बसायच्या. त्या कामाला जायच्या, गाडी कारखान्याने ठरवलेली होती, त्यांना निवड नव्हती. पण आपली गाडी या पट्ट्यातल्या एकाही वऱ्हाडात गेली नाही, हे संघरत्नाला आज पहिल्यांदा नीट दिसलं. सुदामच्या धाकट्या मुलीच्या लग्नाला मुरबाडहून गाड्या आणल्या होत्या. काळू त्या लग्नाला चालत गेला होता, आणि पोट भरून जेवून आला होता.

दुसऱ्या दिवशी ती दुपारची फेरी संपवून जयरामच्या मळ्यात गेली. रात्रभर तिने एक हिशोब मांडला होता. जयराम हंगामभर जुनी गाडी शोधत होता. टेम्पोवाले पहाटे येत नाहीत, भेंडी जून होते, कल्याणच्या बाजारात मार खाते, असं तो जो भेटेल त्याला सांगायचा. पैसे त्याच्याकडे होते. रस्त्यात गेलेल्या जमिनीचे आलेले.

तो बांधावर बसून भेंडी निवडत होता. बोटांना भेंडीची बारीक कुसं टोचू नयेत म्हणून हाताला फडकी गुंडाळलेली होती.

“काका, गाडी तुमीच घ्या,” ती म्हणाली. “दोन लाखाला. इंजिनाची हमी मी देते. तुमाला अशी दुसरी मिळायची नाय, काल तुमीच म्हणालात.”

जयरामचे हात थांबले.

“काल झोप नाय लागली मला,” तो म्हणाला. “माज्या तोंडानं घोटाळा झाला.”

“मग घ्या.”

“सून दोन जिवांची हाय, पोरी. तिला दवाखान्यात न्यायची तर घरच्याच गाडीतनं न्यावी लागंल.”

“तुमच्या आईला नेलंत त्यातून.”

“आई गेल्याली व्हती गो.” त्याने फडकं सोडलं, पुन्हा गुंडाळलं. “मला काय वाटत नाय. खरंच नाय वाटत. पन घरातल्या बायामानसांचं... उद्या काय उन्नीस-बीस झालं, तर गाडीवर येनार.”

“देऊळ आहे म्हणालात.”

“देऊळच हाय.” जयरामने पहिल्यांदा वर पाहिलं. “पन देवळात कोन बाळंतीण ठेवतं का?”

ती उठली. जयराम मागून धावत आला आणि भेंडीची भरलेली पिशवी तिच्या हातात कोंबू लागला. तिने घेतली नाही. मग घेतली, कारण तो रडत होता.

पुढच्या आठवड्यात ती आणखी दोन शोरूमना गेली. एक शहापूरच्या बाहेर हायवेवर होतं, एक कल्याणच्या अलीकडे. पहिल्या ठिकाणी तिने काही सांगितलं नाही. त्यांनी फोटो पाठवले आणि फोन मुरबाडलाच गेला. दुसऱ्या ठिकाणच्या माणसाने नंबर पाहिल्यावर विचारलं, “ही ती मयतं नेणारी ना?” तिने हो म्हटलं नाही आणि नाही म्हटलं नाही. तो एक लाखावर आला. म्हणजे आता गोष्ट गाडीच्या पुढे धावत होती. रंगाचं यंत्र कुठेही टेकवलं असतं तरी तो थर त्यात दिसला नसता, पण माणसांना तो दिसत होता.

रितेशचा एकदा फोन आला. म्हणाला, शेठना पुन्हा विचारलं, एक पंचवीसपर्यंत आलेत. तिने बँकेत विचारून पाहिलं. तिथल्या साहेबांनी नकाराची मान हलवली. उरलेला हिस्सा आणायला दुसरी जागा नव्हती.

एप्रिलच्या पहिल्या दिवशी संघरत्ना सवयीने पहाटे उठली. दात घासत ती रस्त्यापर्यंत गेली. वेळेवर एक नवी करकरीत गाडी आली. पुढच्या काचेला अजून शोरूमची रिबन होती. सारिका मागच्या खिडकीत बसली होती, काळूच्या वेळेपासून येणारी. तिने हात केला, आणि लगेच खाली घेतला. धूळ बसेपर्यंत संघरत्ना तिथेच उभी राहिली.

आठ-दहा दिवसांनी सकाळी फोन वाजला. अनोळखी नंबर होता.

“ताई, मी बारकू. टोकावड्याच्या वरनं बोलतो. माजी बायको... दवाखान्यात...” मागे कोणीतरी लहान मूल मोठ्याने काहीतरी मागत होतं. “जयरामभाऊनी नंबर दिला. बोलले, समदे नाय म्हनतील, ही पोर नाय म्हननार नाय.”

संघरत्नाने अंगणातल्या गाडीकडे पाहिलं.

“किती घ्याल, ताई? जे सांगाल ते देतो. कसंबी करून देतो.”

शामशेठने कापलेला आकडा तिच्या जिभेवर आला. एकाने कापला तो दुसऱ्याकडून घ्यावा, एवढंच गणित होतं, आणि बारकूने ते मान्य केलं असतं. ते त्याच्या आवाजातच होतं.

“पेट्रोलचे द्या,” ती म्हणाली. “निघते.”

फोन ठेवल्यावर तिला कळेना, हे शब्द आपले होते की बापाचे. तोंडाला सवय असते, हातालाही असते. हाताने एव्हाना पाना शोधला होता.

बोल्ट हलेनात. स्थळाला दाखवायला म्हणून तिने ते एवढे आवळून ठेवले होते. तिने पान्यावर पाय दिला, तेव्हा पहिला करकरत सुटला. भीमाबाई ओट्यावरून उतरली आणि सीटची दुसरी बाजू धरायला आली.

“तुज्या मनानं चाललीस?” तिने विचारलं.

संघरत्नाने चौथा बोल्ट फिरवून काढला, हातात घेतला, पदराने पुसावा तसा ओढणीने पुसला. दोघींनी सीट उचलली, आडवी करून दारातून काढली आणि ओट्यावर भिंतीला लावून ठेवली. गाडीच्या मध्यभागी माणूस आडवा होईल एवढी मोकळी जागा झाली. भीमाबाईने तिथे चटई अंथरली.

ती परतली तेव्हा सूर्य कलला होता. बारकूच्या पाड्यावर लोकांनी तिच्यापुढे हात जोडले होते. ती गाडीत बसूनच पाणी प्याली, ते तिला वेगळ्या तांब्यातून दिलं होतं. ओढ्यावर गाडी धुऊन ती घरी आली आणि पाना घेऊन ओट्याशी गेली.

भीमाबाई सीटवर बसून तांदूळ निवडत होती. पाठ टेकलेली, पाय लांब केलेले. या ओट्यावर तिला पाठ टेकायला आजवर काही नव्हतं.

“ऊठ आई, लावते सीट.”

“कोनासाठी?” भीमाबाई म्हणाली.

संघरत्ना पाना हातात घेऊन उभी राहिली. मग तिने चारही बोल्ट खिशातून काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले. तिथे खिडकीला दार नव्हतं; आषाढात वारा फिरला की झड थेट आत यायची. श्रावण लागला तेव्हा ते चारही बोल्ट गंजून लाल झाले होते, आणि गाडीतल्या चार भोकांतून खालचा रस्ता दिसत होता.